शेऱ्याचा रकाना

मार्च ते जून
मोबाइल माझा अंगठा ओळखत नाही.
त्या दिवसांत बोटांवर रेषा नसतात,
संकेश्वरी असते, ब्याडगी असते,
नखात लवंगीचं बी.
काच पुसावी म्हटलं पदरानं
तर पदरही तिखट.

म्हणून मी बोलून सांगतो त्याला.
हो, सांगतो.
मंगळवार पेठेत आम्ही बायका अशाच बोलतो,
मी आलो, मी जेवलो, येतो जाऊन.
दुसऱ्याच दिवशी कंपनीचा मेसेज,
प्रिय दुकानदार महोदय.

भाच्यानं, सुमेधनं, सगळं घालून दिलंय.
कांडप किलोवर.
भाजून द्यायचं तर वेगळं बटण,
खोबरं गिऱ्हाइकाचं की आमचं, त्याला आणखी एक.
बिल आपोआप व्हॉट्सॲपवर.
पैसे आले की डबीतली बाई ओरडते,
पण डंकाची चार मुसळं पडत असताना
तिचं कोण ऐकतंय.
गिऱ्हाईक लांबून स्क्रीन दाखवतं,
मी मान हलवतो.

एकदा बेबीजान मुल्लाणीचं बिल निम्म्यावर होतं
आणि इचलकरंजीहून थोरलीचा फोन आला.
बिल गेलं. साडेसात किलो मिरची
काचेमागं कुठंतरी.
बेबीजान म्हणाली, घे गं बोलून,
चटणी काय पळून जातीया?
दुकान हातात मावतंय खरं,
पण आता थोरलीही गल्ल्यावरच येऊन बसते,
दोन्ही गुडघ्यांसकट.

वहीचं मात्र अडलं.
वहीत मी पैसे कधी धड लिहिले नाहीत.
लिहिलं ते असं:
चौगुले, तीळ दोनदा भाजणे.
नेजदार, नात आलीय, जरा हातानं घ्या.
शिंगे, लसूण न सोलता आणतात, बोलायचं नाही.
सुमेध म्हणाला, मावशी, ह्याला बटण नसतं.
मग दोन दिवसांनी त्यालाच सापडलं,
बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात,
शेरा, ऐच्छिक.
अख्खी वही मी त्यात बोलून घातली
चार दुपारी,
डंक बंद ठेवून.

परवा एक पोरगी आली कळंब्याहून.
पिशवीत नुसती मिरची.
प्रमाण म्हणाली माहीत नाही,
आत्याबाई स्वतःच यायच्या.
नंबर विचारला. तिच्या नंबरावर काही निघालं नाही.
मग तिनं दुसरा सांगितला, तोंडपाठ,
आणि म्हणाली, तो आता बंद आहे.

निघालं.
गोदाक्का खाडे. अकरा वर्षं, वहीतली धरून.
मिरची तीन किलो, लवंगी पावशेर.
त्याच्या खाली, चार वर्षांपूर्वीचा,
माझाच आवाज, अक्षरं झालेला:
लवंगी निम्मी. सुनेचा घसा धरतो.
सुनेला सांगायचं नाही.

मी सांगितलं नाही.
म्हटलं, लवंगी निम्मी असती तुमच्यात,
आणि बाकीचं जुन्या बिलावरनं टाकलं, तसंच्या तसं.
शेरा बिलासोबत जातो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तिच्या हातात फोन वाजला.
तिनं वाचलं. वर नेलं, परत खाली आणलं,
परत वाचलं.
डंकावर डोळ्यांचं कुणी कुणाला विचारत नाही,
इथं सगळ्यांचेच वाहतात.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
आधी किती घालायच्या?
पावशेर.
मग पावशेरच घाला.
म्हटलं, घसा?
बघू की, म्हणाली.

संध्याकाळी मुसळं थांबल्यावर
पेरानं आकडा दाबून मी फोन उघडला.
बॅटरी सहा टक्के.
नंबर बदलला, नाव गोदाक्काचंच ठेवलं,
आणि तळाच्या रकान्यात तोंड नेऊन सांगितलं,
लवंगी पावशेर,
बघू म्हणाली.